कोकराच्या वजनातील आईचा वाटा : दख्खनी मेंढीच्या वाढीविषयक संशोधनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : दख्खनी मेंढी, मातृप्रभाव, आनुवंशिकता, जन्मवजन, जुळी कोकरे, मेंढपाळ

प्रस्तावना

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांत दख्खनी जातीचा आणि तिच्या संकरांचा वाटा मोठा आहे. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे या जातीचे प्रकार सांगितले जातात. तिची लोकर काळी व भरड, घोंगडीच्या कामाची. घोंगडीचा बाजार आटत गेला तसे मेंढपाळाचे उत्पन्न मुख्यतः एकाच गोष्टीवर येऊन ठेपले : तीन-चार महिन्यांचे नर कोकरू विकून हाती येणारी रक्कम. हे कोकरू तीन महिन्यांत दहा किलोंचे होते की पंधरा, ते मुळात तीन महिने जगते की नाही, यावर कुटुंबाचे वर्ष ठरते. म्हणूनच कोकराची सुरुवातीची वाढ हा विषय पशुसंवर्धनशास्त्राच्या चार भिंतींत ठेवण्यासारखा नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र व संख्याशास्त्र यांच्या अभ्यासकांनीही त्याकडे पाहावे, या अपेक्षेने प्रस्तुत लेखाची मांडणी बहुविद्याशाखीय वाचकासमोर केली आहे.

येथे नवी आकडेवारी मांडावयाची नाही. कोकराच्या वाढीवर आनुवंशिक घटकांचा किती व आईचा किती प्रभाव पडतो, यासंबंधी गेल्या सहा दशकांत जे लेखन झाले त्याची रीत, तिची बलस्थाने आणि तिच्यातील पोकळी तपासणे एवढाच हेतू आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, या संशोधनाने गणितात आईला जागा दिली, परंतु निष्कर्ष लिहिताना ती काढून घेतली. समीकरणात मेंढी आहे. शिफारशीत मात्र बहुधा मेंढाच उरतो.

आई दोन वेळा मोजावी लागते

पदवीच्या वर्गात आनुवंशिकी शिकविताना आपण मेंडेलच्या वाटाण्यापासून प्रारंभ करतो आणि विद्यार्थ्याच्या मनात एक साधे चित्र ठसते : अर्धी जनुके बापाची, अर्धी आईची. कोकराच्या बाबतीत हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे. आई कोकराला अर्धी जनुके देते हा तिचा पहिला वाटा. पुढे पाच महिने ती त्याचे घर असते आणि त्यानंतर दोन-तीन महिने त्याचे अन्न असते, हा दुसरा. या दुसऱ्या वाट्याला मातृप्रभाव म्हणतात. यातील गुंता असा की, गर्भ पोसण्याची आणि दूध देण्याची क्षमता हीदेखील काही अंशी आनुवंशिकच असते. मेंढीला ती तिच्या आईकडून जशी मिळते तशी बापाकडूनही मिळते. म्हणजे ज्या मेंढ्याने जन्मात दूध दिले नाही, तोही आपल्या मुलींच्या दुधातून नातवंडांच्या वजनावर परिणाम करीत असतो.

हे वेगळेपण प्रथम ठळकपणे दिसले ते मेंढीत नव्हे, घोड्यात. वॉल्टन आणि हॅमंड यांनी १९३८ साली शायर हा अवाढव्य घोडा आणि शेटलंड हे बुटके तट्टू यांचा दोन्ही बाजूंनी संकर घडवून आणला. शिंगरांची जनुकीय वाटणी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, अर्धे शायर व अर्धे शेटलंड. तथापि शायर घोडीच्या पोटी जन्मलेले शिंगरू शेटलंड घोडीच्या शिंगरापेक्षा सुमारे तिप्पट वजनाचे भरले. फरक होता तो फक्त आई कोण याचा. मेंढीच्या बाबतीत १९६२ साली डिकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील लिंकन व वेल्श माउंटन या मोठ्या आणि लहान जातींत फलित बीजांडांची अदलाबदल करून हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे विचारला. एका जातीचे कोकरू दुसऱ्या जातीच्या गर्भाशयात वाढविल्यावर जन्मवजनावर कोकराच्या जातीची आणि ज्या मेंढीने त्याला पोटात वाढविले तिची अशी दोन्हींची स्वतंत्र छाप आढळली. पुढच्या सर्व संख्याशास्त्रीय प्रतिमानांच्या मुळाशी हे दोन प्रयोग आहेत. आपल्याकडील शोधनिबंधांत त्यांचा उल्लेख क्वचितच येतो ही खेदाची बाब होय, कारण प्रतिमान कशासाठी आहे हे ते विनासमीकरण सांगतात.

शरीरशास्त्राच्या बाजूने पाहता आईच्या प्रभावाचा काळही नेमका सांगता येतो. मेंढीचा गर्भकाल सुमारे १५० दिवसांचा असतो आणि कोकराच्या जन्मवजनापैकी साधारण दोनतृतीयांश वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरते. हे सहा आठवडे ओल्या चाऱ्याचे की वाळल्या काडीचे, यावर बरेच काही ठरते. मेंढीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भापर्यंत पोचत नाहीत. कोकरू त्या दृष्टीने रिकाम्या हाताने जन्मते आणि पहिल्या दिवसाच्या चिकातूनच ते सामर्थ्य मिळविते. पहिले तीन-चार आठवडे त्याचे पोषण जवळपास सर्वस्वी दुधावर होते. एक किलो वजन वाढण्यास ढोबळमानाने पाच किलो दूध लागते, आणि मेंढीचे दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठून उतरू लागते. त्यानंतर कोकराचे पोट पाला-गवत पचविण्यास तयार होत जाते व आईवरचे अवलंबित्व कमी होते. म्हणूनच मातृप्रभाव जन्मवजनात सर्वाधिक, दूध तोडण्याच्या वेळच्या वजनात त्याहून कमी आणि वर्षाच्या वजनात अत्यल्प असा उतरत जाताना आढळतो. साफारी, फोगार्टी व गिल्मर यांनी २००५ साली जगभरच्या मेंढीविषयक आनुवंशिक अनुमानांचे जे संकलन प्रसिद्ध केले, त्याचाही सूर हाच आहे. जन्मवजनाची प्रत्यक्ष आनुवंशिकता तेथे साधारण एकपंचमांशाच्या आसपास रेंगाळते आणि आईचा आनुवंशिक वाटा तिच्या जवळपास येऊन उभा राहतो. याचा अर्थ, जन्माच्या दिवशी तराजूत जे कोकरू ठेवले जाते त्याच्याबरोबर त्याची आईही तोलली जात असते.

'अवशिष्ट' रकान्यातील मेंढी

भारतातील या विषयावरच्या लेखनाचे स्थूलमानाने दोन कालखंड पडतात. पहिला कालखंड न्यूनतम वर्ग पद्धतीचा. हार्वे यांची १९६६ ची कार्यपद्धती व पुढे तिच्यावर आधारलेली संगणक-प्रणाली हा त्याचा आधार होता. या काळातील निबंध एकमेकांना इतके सारखे आहेत की, जातीचे नाव झाकले तर कोणता निबंध कोणाचा हे ओळखणे अवघड व्हावे. वर्ष, ऋतू, वेत, लिंग, एकेरी की जुळे हे घटक तपासावेत; त्यांतील बहुतेक सार्थ ठरावेत; मग एका बापाच्या सावत्र भावंडांमधील साम्यावरून आनुवंशिकता काढावी; आणि शेवटी 'वजनावर आधारित निवड उपयुक्त ठरेल' असे लिहावे, हा त्यांचा साचा.

या पद्धतीवर सरसकट टीका करणे मात्र अन्यायाचे होईल. एका मेंढ्याची कोकरे वेगवेगळ्या आयांच्या पोटी जन्मलेली असतात. म्हणून बापाच्या बाजूने काढलेले अनुमान मातृप्रभावाने फारसे दूषित होत नाही. या अर्थी ती पद्धत स्वच्छ होती. ती चुकीचे उत्तर देत नव्हती, ती आईविषयी प्रश्नच विचारत नव्हती. मेंढ्याला क्रमांक होता, त्याच्या कामगिरीचा तक्ता होता. मेंढीचे वेत तेवढे नोंदले जाई आणि तिचे उरलेले सारे कर्तृत्व 'अवशिष्ट' नावाच्या रकान्यात ढकलले जाई.

दुसरा कालखंड सुरू होतो तो वंशावळीतील प्रत्येक प्राण्याला समीकरणात स्थान देणाऱ्या प्रतिमानांमुळे. विल्हॅम यांनी १९६३ साली आईच्या दुहेरी भूमिकेची गणिती मांडणी केली होती. पण ती प्रत्यक्ष वापरण्याजोगी झाली ती संगणकाची ताकद वाढल्यावर आणि विशेषतः करिन मेयर यांच्या प्रणाली व १९९२ चा मांसल गुरांवरील निबंध यांनंतर. मेयर यांनी सहा प्रतिमाने मांडली : केवळ प्राण्याची स्वतःची जनुके, त्यात आईच्या कायम पर्यावरणाची भर, आईच्या जनुकांची भर, या दोन जनुकीय वाट्यांतील सहसंबंधाची भर, आणि या सर्वांची जुळवाजुळव. १९९० नंतर मेंढीवरील शेकडो निबंधांनी ही सहा प्रतिमाने जशीच्या तशी उचलली. सहाही चालवावीत, संभाव्यतेच्या कसोटीने त्यांतील एक निवडावे आणि त्याचे आकडे 'सर्वोत्तम' म्हणून छापावेत, ही नवी रूढी झाली. यात प्रगती आहे हे मान्यच करावयास हवे. मेंढी अवशिष्ट रकान्यातून बाहेर आली. परंतु येथेच एक नवा गैरसमजही घुसला आणि त्याची चिकित्सा आपल्याकडे पुरेशी झालेली नाही.

अनेक निबंधांत प्रत्यक्ष जनुकीय वाटा आणि मातृ-जनुकीय वाटा यांतील सहसंबंध ऋण येतो, कधी कधी तर तो उणे एकच्या अगदी जवळ जातो. त्याचा लावला जाणारा अर्थ ठरलेला आहे : जी जनुके कोकराला जलद वाढवितात तीच त्या कोकराला पुढे कमकुवत आई बनवितात. हे विधान जीवशास्त्रीयदृष्ट्या अशक्य नाही. तथापि ते आकड्यांतून सिद्ध होते असे म्हणणे घाईचे आहे. रॉबिन्सन यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँगस गुरांच्या माहितीवर काम करताना दाखवून दिले की, बाप आणि वर्ष यांच्या परस्परक्रियेसारखे घटक प्रतिमानातून वगळले गेले, तर खरा विरोध नसतानाही असा ऋण सहसंबंध उत्पन्न होऊ शकतो. मॅनिॲटिस व पोलॉट यांचे २००३ चे काम तर थेट मेंढीच्या सुरुवातीच्या वाढीवरचेच आहे. सफोक जातीच्या नोंदी वेगवेगळ्या प्रकारे गाळून त्यांनी पाहिले की, प्रत्येक आईमागे किती कोकरांची नोंद आहे आणि किती आयांच्या स्वतःच्या कोकरूपणीच्या वजनाची नोंद आहे यावर अनुमाने हलतात. म्हणजे तक्त्यातील आकडा काही अंशी मेंढीचा नसून नोंदवहीचा असतो.

आपल्या प्रक्षेत्रांच्या नोंदवह्यांचे स्वरूप लक्षात घेतले म्हणजे या इशाऱ्याचे वजन कळते. कळप काही शेकड्यांचा, मेंढे मोजके, एका मेंढीची कळपात दोन-तीन वेते होतात न होतात तोच ती विकली जाते वा मरते, बाहेरून आणलेल्या मेंढ्यांच्या जन्मवजनाची नोंद नसते, आणि एका आईचे कोकरू दुसरीकडे वाढविण्याची सोय प्रयोगात नसते. अशा माहितीतून प्रत्यक्ष आणि मातृ-जनुकीय वाटे वेगळे करणे म्हणजे दुधात मिसळलेले पाणी नुसत्या डोळ्यांनी मोजण्यासारखे आहे. सहापैकी कोणते प्रतिमान कसोटीस उतरले हे सांगणे पुरेसे नाही. दिलेली माहिती त्या सहांत भेद करू शकत होती काय, हे आधी सांगावयास हवे. तो परिच्छेद बहुतेक निबंधांत नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तपासनिसांनी निबंध परत पाठविण्यास तेवढे एक कारण पुरेसे मानावे.

याहून गंभीर उणीव आणखी एक आहे आणि ती कोणत्याही प्रतिमानाने भरून निघत नाही. दूध तोडण्याच्या वेळचे वजन हे जगलेल्या कोकरांचेच असते. अशक्त जन्मलेले, चीक न मिळालेले, आई आटल्याने उपाशी राहिलेले कोकरू नव्वदाव्या दिवसाच्या तक्त्यात येतच नाही. ज्या मेंढीचा मातृप्रभाव सर्वांत वाईट होता तिची साक्षच नोंदीतून पुसली जाते. उलट तिच्या दोन कोकरांपैकी एक लवकर मेले तर उरलेल्याला सगळे दूध मिळून त्याचे वजन चांगले भरते आणि ती तक्त्यात उत्तम आई ठरते! मृत्यूचे प्रमाण बहुधा वेगळ्या निबंधात, वेगळ्या लेखकाने, वेगळ्या वर्षी छापलेले असते. वाढ आणि मरण हे दोन विषय अशा रीतीने विभागण्यात शास्त्रापेक्षा सोय अधिक आहे.

फलटण : जुळ्यांनी विचारलेला प्रश्न

वरील चर्चा ज्या ठिकाणी कागदावर राहू शकली नाही ते ठिकाण म्हणजे सातारा जिल्ह्यातील फलटण. दख्खनी मेंढी एका वेताला जवळजवळ नेहमी एकच कोकरू देते. बंगालमधील सुंदरबनच्या दलदलीत वाढणारी गरोळ ही चिमुकली मेंढी मात्र जुळी-तिळी देते. बंगालच्या मेंढ्या १७९२-९३ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात नेल्या गेल्या. पुढे न्यू साऊथ वेल्समधील बूरूला या पशुक्षेत्रावरील मेरिनो कळपात बहुप्रसवतेचा जो गुण आढळला त्याचे मूळ त्यांच्यात असावे, असे मानले जाते. हेलन न्यूटन टर्नर या आनुवंशिकी-शास्त्रज्ञ विदुषींनी त्या कळपाकडे शास्त्राचे लक्ष वेधले. या गुणामागील 'फेक-बी' जनुकातील बदल २००१ मध्ये तीन संशोधक-गटांनी स्वतंत्रपणे शोधला आणि २००२ मध्ये गरोळ मेंढीत तोच बदल आढळल्याने दोन शतकांचा धागा जुळला.

बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हे जनुक गरोळकडून दख्खनी मेंढीत आणण्याचे काम हाती घेतले. डॉ. चंदा निंबकर यांच्या पुढाकाराने, ऑस्ट्रेलियातील न्यू इंग्लंड विद्यापीठ व पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांच्या सहकार्याने झालेल्या या कामातून 'नारी सुवर्णा' हा प्रकार उभा राहिला. नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात या जनुकावर हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि तिचे वृत्तांतपर पुस्तकही प्रसिद्ध झाले. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीपासून दर वेतामागे सरासरीने अर्ध्या कोकराच्या आसपास वाढ मिळते, हा या कामाचा गाभा. सरासरीतले अर्धे कोकरू प्रत्यक्षात कुठे एक तर कुठे दोन अशा रूपाने येते; तिळी क्वचितच होतात, ही या प्रदेशासाठी इष्टापत्तीच म्हणावयाची.

या कामाकडे सामान्यतः 'एका जनुकाची यशोगाथा' म्हणून पाहिले जाते. वृत्तपत्रीय लेखनात तर तसेच चित्र रंगविले जाते. प्रस्तुत लेखकास ते वाचन उथळ वाटते. फेक-बी ज्या परिणामासाठी ओळखले जाते तो घडतो आईच्या बीजकोशात : एका माजात एकाऐवजी दोन बीजांडे सुटतात. कोकराला गर्भाशयात भागीदार असेल की नाही, आणि पुढे सडाला तोंड लावताना दुसरे तोंड शेजारी असेल की नाही, हे कोकराच्या स्वतःच्या प्रतीवरून ठरत नाही. त्याच्या आईच्या प्रतीवरून ठरते. म्हणजे कोकराच्या वाढीच्या दृष्टीने हे जनुक मातृप्रभावाचेच जनुक आहे, आणि त्याचा तो प्रभाव प्रत्येक कोकरापुरता पाहिला तर प्रतिकूल आहे. जुळे कोकरू एकट्यापेक्षा हलके जन्मते. जुळी पिणारी मेंढी एकेरीपेक्षा अधिक दूध देते हे खरे, पण दुप्पट देत नाही. जनुक कोकरे वाढविते. कास वाढविण्याची हमी ते देत नाही.

फलटणच्या कामाचे मोल येथेच आहे, कारण तेथे हा विरोध टाळला गेला नाही. गरोळ मेंढी अवघी दहा-बारा किलोंची. तिच्या संकरात कृमींचा प्रतिकार चांगला आढळला, पण वाढ कमी पडली. तेव्हा जनुक ठेवून शरीर दख्खनीकडे परत न्यावे लागले. त्यात कर्नाटकातील बन्नूर मेंढीचा अंश घेतला गेला आणि पश्चिम आशियातील अवासी या दुधाळ जातीचाही. अवासीचा समावेश हा प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने संपूर्ण कार्यक्रमातील सर्वांत बोलका निर्णय होय. दोन कोकरे जन्माला घालावयाची तर दोन कोकरांचे दूध आईत असावयास हवे, याची ती कबुली आहे. मोजमापाचे एककही तेथे बदललेले दिसते. कोकरामागे किती वजन हा प्रश्न मागे पडून मेंढीमागे किती कोकरे जगून हाती आली हा प्रश्न पुढे येतो. नोंदी केवळ संस्थेच्या कळपापुरत्या न ठेवता मेंढपाळांच्या कळपांतूनही घेतल्या गेल्या. आपल्याकडील या विषयाच्या लेखनात ही गोष्ट विरळा आहे.

तरीही एक प्रश्न उरतोच. संस्थेच्या गोठ्यात गाभण मेंढीला शेवटच्या सहा आठवड्यांत खुराक देता येतो. जुळ्यांची आई ओळखून तिला वेगळे ठेवता येते. माळावर चरणाऱ्या कळपात ते कोण करणार? दुष्काळी वर्षी जुळी देणारी मेंढी वरदान ठरेल की ओझे, याचे उत्तर जनुकात नाही. चांगल्या आणि वाईट वर्षांतील मिळकत वेगवेगळी मांडल्याखेरीज सरासरीवरून मेंढपाळाला सल्ला देणे धाडसाचे आहे. सरासरी वर्ष मेंढपाळाच्या वाट्याला येत नसते.

वाड्यावरील 'कायम पर्यावरण'

प्रतिमानांत 'आईचे कायम पर्यावरण' नावाचा एक घटक असतो. आईच्या जनुकांत न मोडणारी, पण तिच्या सर्व कोकरांत दिसणारी जी सारखेपणाची छाप, ती या रकान्यात जाते. कासेचा जुना आजार, लहानपणी झालेली आबाळ, एखादे सड बंद असणे, अशी उदाहरणे पाठ्यपुस्तकांत दिलेली आढळतात. पण धनगरांच्या वाड्यावर हा घटक काय असतो?

पावसाळा सरला की फलटण, माळशिरस, बारामतीकडचे कळप घाट उतरून कोकणात जातात. वाटेत मेंढ्या दिवसभर चरावयास जातात आणि नवजात कोकरे वाड्यावर राहतात. त्यांना सांभाळणे, सायंकाळी प्रत्येकाला त्याच्या आईला लावणे, आईने झिडकारलेल्याला मेंढी धरून पाजणे, आटलेल्या मेंढीच्या कोकराला कळपातल्या शेळीचे दूध देणे ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. मेंढ्यांच्या कळपात चार-दोन शेळ्या असतात त्या यासाठीही. म्हणजे संख्याशास्त्र ज्याला मेंढीचे पर्यावरण म्हणते त्यात एका बाईचे हात मिसळलेले असतात. ते हात चपळ असले तर वाईट आईचे कोकरूही जगते आणि तक्त्यात ती मेंढी बरी दिसते. ती बाई आजारी पडली, बाळंत झाली वा दोन दिवस माहेरी गेली तर चांगल्या मेंढीचे कोकरूही मागे पडते. प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेल्या वाढीविषयक निबंधांत कोकरे कोणी सांभाळली हा रकाना कधीच आढळला नाही. प्रक्षेत्रावर तो निरर्थक वाटेल, कारण तेथे मजूर सर्व कोकरांना सारखेच वागवितात असे गृहीत धरले जाते. वाड्यावर मात्र तो वगळून काढलेला कोणताही मातृप्रभाव मेंढीचा आणि मेंढपाळणीचा मिळून असतो.

मेंढ्यावर भर देण्यामागे एक सबळ युक्तिवाद आहे, त्याचाही विचार करावयास हवा. एक मेंढा वर्षाला पन्नास कोकरांचा बाप होऊ शकतो. मेंढी एक-दोघांचीच आई होते. सुधारणा वेगाने पसरवावयाची तर मेंढ्यामार्फतच पसरेल. हे गणित बिनतोड आहे. आक्षेप मेंढ्यावर नसून तो कशावरून निवडला जातो यावर आहे. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढ्यांची उंची, रोमन नाक आणि देखणेपणा यांवर आटपाडीच्या बाजारात लागणाऱ्या बोलींच्या बातम्या आपण वाचतो. त्या मेंढ्याचे स्वतःचे तीन महिन्यांचे वजन जरी पाहिले, तरी त्यात त्याच्या आईचे दूध मिसळलेले आहे. तो एकेरी जन्मला होता की जुळा, पहिल्या वेताच्या मेंढीचा होता की तिसऱ्या, हे न विचारता त्याच्या अंगापिंडावरून केलेली निवड ही बऱ्याच अंशी एका चांगल्या उन्हाळ्याची वा चांगल्या कासेची निवड असते. जाणता मेंढपाळ मेंढा पाहताना 'आई कोणती?' असे विचारतो. त्यात विल्हॅम यांच्या समीकरणाचा अर्धा आशय आलेला आहे, कारण त्या मेंढ्याच्या मुली पुढे किती दूध देतील याची निदान एक खूण आजीच्या कासेत सापडते.

सार्वजनिक खर्चाच्या दृष्टीनेही हा भेद महत्त्वाचा आहे. २०१७ साली सुरू झालेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व १ मेंढा असे एकक ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद करण्यात आली. एककात मेंढ्या वीस आहेत. पण वाढीवरचे संशोधन ज्या भाषेत शिफारस करते तीत बोलावयाचे तर निकष सांगता येतो तो त्या एका मेंढ्यापुरता. उरलेल्या वीसजणींची निवड कोणत्या गुणावर करावी, याचे वापरण्याजोगे उत्तर सहा प्रतिमानांच्या तक्त्यांतून मिळत नाही. ते मिळावयाचे तर नोंदीचे एकक कोकरू न धरता मेंढी धरावे लागेल : एका वर्षात तिची किती कोकरे दूध तोडण्यापर्यंत जगली आणि त्या सर्वांचे मिळून वजन किती भरले. मेलेल्या कोकराचे वजन त्या बेरजेत शून्य म्हणून यावे, गाळले जाऊ नये. अशी नोंद ठेवण्यास संगणक-प्रणाली लागत नाही. कानातील बिल्ला, वाड्यावर टांगता येईल असा एक साधा काटा आणि वेताची तारीख एवढे पुरते. काटा कोणाच्या हाती द्यावयाचा हे ठरविताना मात्र, दिवसभर कळपामागे असणाऱ्या पुरुषापेक्षा कोकरांपाशी राहणाऱ्या बाईचा विचार आधी करावा लागेल.